घराच्या किनारी: ऊन आधी, पाऊस मग

महाबळेश्वर आणि लोणंद एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोहोंत साठेक किलोमीटरचे अंतर भरते. तरीही महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि लोणंद-फलटणच्या पट्ट्यात जेमतेम पाचशे. सह्याद्रीचा माथा ओलांडताना ढग रिते होतात आणि पूर्वेच्या गावांच्या वाट्याला पावसापेक्षा ऊनच जास्त येते. एका जिल्ह्यात दहापटींचा हा फरक असताना घराच्या बाहेरच्या बाजूचा माल मात्र दोन्हीकडे एकाच कॅटलॉगमधून निवडला जातो. कोकणात किंवा महाबळेश्वरला जे टिकले ते लोणंदला टिकेलच, असे नाही. इथे त्याला वेगळ्याच शत्रूशी सामना करावा लागतो.

या प्रकरणात आपण घराच्या किनारींचा विचार करणार आहोत. छपराची कड आणि तिची झालर, खिडकीवरचा छज्जा, दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि त्यांच्या भोवतीच्या पट्ट्या, खिडकीचा खालचा पाट, गच्चीच्या कठड्याचा माथा, जोत्याचा पट्टा ही सगळी किनारच. घराच्या एकूण खर्चात तिचा वाटा लहान असतो, म्हणून ती शेवटी, उरलेल्या पैशात उरकली जाते. पण भिंतीत पाणी शिरते ते भिंतीच्या मधून क्वचित. ते शिरते दोन गोष्टी जिथे मिळतात तिथून, म्हणजे किनारीतून. ओल, पोपडे, वाळवी, गंजलेली सळई या घराच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात तिथेच होते.

जुन्या घरांनी काय ठरवले होते

जिल्ह्याच्या पश्चिमेला, वाई-महाबळेश्वरकडे, घरे उतरत्या छपराची आणि कौलारू. छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे काढलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. पूर्वेला फलटण, माण, खटाव या भागांत माळवद दिसते. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कडीपाटाचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड गिलावा. पाऊस कमी, म्हणून सपाट मातीचे छप्पर चालून जायचे, आणि तो जाड थर उन्हाळ्यात घर थंड ठेवायचा. या घराची सर्वांत नाजूक किनार म्हणजे पन्हळ. माळवदावरचे पाणी तिच्यातून भिंतीपासून लांब फेकले गेले तर मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. पन्हळ आखूड पडली की तिच्याखालची भिंत एका पावसाळ्यात ओघळू लागते. लोणंद या दोन पद्धतींच्या सीमेजवळचे गाव. पुणे-मिरज रेल्वे इथून गेली आणि कौलांसारखा लांबचा माल आणणे सोपे झाले. 1865 मध्ये बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथून पसरलेली मंगलोरी कौले पुढे देशभर घराघरांवर चढली.

वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. तो या विषयाचा उत्तम धडा देतो. जमिनीलगत घडीव दगड, त्यावर विटांची भिंत, आणि लाकूडकाम मुख्यतः छपराच्या सावलीत किंवा चौकाच्या आत. जमिनीचा ओलावा आणि उडणारे शिंतोडे झेलायला दगड पुढे केला आहे. कोरीव लाकूड मागे, आडोशाला. जागा बघून माल ठरवायचा, हा त्यातला विचार. आजच्या बांधकामात हाच क्रम उलटा होतो. आधी माल आवडतो आणि मग त्याला जागा शोधली जाते.

ऊन कुठून येते

लोणंद साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारी क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर येतो. म्हणून दक्षिणेच्या भिंतीला ऊन हिवाळ्यात लागते, आणि ते त्या दिवसांत हवेसेही असते. या भिंतीवर दोन फूट पुढे आलेला छज्जा मार्चपासून मध्यान्हीला सबंध खिडकी सावलीत ठेवतो.

पश्चिमेचे गणित वेगळे आहे. मे महिन्यात घड्याळात साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे 33 अंशांवर असतो. तोच दोन फुटी छज्जा तेव्हा खिडकीच्या वरच्या सव्वा फुटावरच सावली धरतो, बाकी खिडकी आणि तिची चौकट थेट उन्हात. दिवसभर तापलेल्या हवेत हे ऊन पडते, म्हणून गडद रंगाची पट्टी हात टेकवता येणार नाही इतकी तापते. वैशाखात वळीव येतो तोही बहुधा दुपारनंतर. तापलेल्या मालावर वारा, गारा आणि गार पाण्याचा मारा अचानक होतो. तेव्हा लोणंदच्या घराची पश्चिम बाजू ही सर्वांत कडक परीक्षेची जागा. तिथे छज्ज्यावर भिस्त न ठेवता उभी जाळी, व्हरांडा किंवा झाड हवे, आणि जी किनार उघडी राहणार तिचा माल उन्हाला न बधणारा हवा.

तापले की वाढते

प्रत्येक पदार्थ तापला की लांबतो, निवला की आखडतो. किती, ते ज्याच्या-त्याच्या जातीवर अवलंबून. तीन मीटर लांबीची पट्टी घेऊ आणि थंडीतली पहाट व उन्हाळ्यातली दुपार यांच्यात तापमानाचा फरक 40 अंश धरू. गडद रंगावर तो याहूनही जास्त होतो. ग्रॅनाइटची पट्टी सुमारे एक मिलिमीटरने वाढेल, काँक्रीटची सव्वा मिलिमीटरने, लोखंडाची दीड, ॲल्युमिनियमची पावणेतीन आणि पीव्हीसीची तब्बल आठ मिलिमीटरने.

हे आकडे लहान दिसतात, पण बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांत आहे. काँक्रीटच्या भिंतीवर पीव्हीसीची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळली तर तिला वाढायला जागा उरत नाही. ती मधून फुगते, स्क्रूपाशी तडकते किंवा सांधा उघडते. दोष प्लास्टिकचा नसतो, जोडणीचा असतो. अशा पट्टीला गोल भोके न पाडता लांबट भोके पाडावी, स्क्रू शेवटपर्यंत पिळू नये आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये वाढीपुरती फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी. थंडीत बसवलेल्या पट्टीला उन्हाळ्याची जागा लागते, उन्हाळ्यात बसवलेलीला थंडीची, हे मिस्त्रीशी आधीच बोलून ठेवावे.

पाण्याला बाहेरची वाट

पाऊस कमी म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पर्जन्यछायेतला पाऊस झडीचा नसतो, तो सरींनी आणि वाऱ्याबरोबर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस तर इथला भरवशाचा पाऊस. अशा पावसात पाणी आडवे मारते.

पाण्यासाठी तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही मालापेक्षा स्वस्त आहेत. पहिली, उतार. खिडकीचा पाट, छज्ज्याचा माथा आणि कठड्याचा माथा यांना सपाट ठेवू नये. पाट आणि छज्जा बाहेरच्या बाजूला, तर कठड्याचा माथा गच्चीकडे उतरता करावा, म्हणजे धूळ मिसळलेले पाणी दर्शनी भिंतीवर ओघळत नाही. दुसरी, पुढे आलेली कड. पाट भिंतीच्या दीड-दोन इंच पुढे हवा. तिसरी, त्या कडेच्या खालच्या अंगाला कोरलेली खाच, जिला मिस्त्री ड्रिप म्हणतात. पाणी कडेवरून उलटे फिरून पाटाच्या पोटाला चिकटत भिंतीकडे सरकते. खाच आली की ते तिथेच थेंबाथेंबाने सुटते. ग्रॅनाइट कापणाऱ्याकडून अर्ध्या बोटाची ही खाच पाडून घ्यायला फार वेळ लागत नाही. ती नसली की खिडकीखाली दोन काळे ओघळ उमटतात आणि दर दोन वर्षांनी रंग काढावा लागतो.

दगड

काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा इथला घरचा माल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो बनलेला. घट्ट, जड, पाणी फारच कमी पिणारा. जोत्याच्या पट्ट्याला त्याच्या तोडीचे काही नाही. काळ्या मातीच्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जोत्याभोवती फरसबंदी करून पाणी पायापासून दूर काढणेही याच कामाचा भाग मानावा.

खिडक्यांच्या चौकटींना हल्ली ग्रॅनाइट किंवा कडप्पा वापरतात. दोन्ही काळे दिसतात, पण जात वेगळी. ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक, तर कडप्पा, शहाबादी, कोटा, तांदूर हे सगळे चुनखडकाचे भाऊबंद. चुनखडकाला आम्ल चालत नाही. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला फरशीचे ॲसिड ओतण्याची जी सवय आहे, तिने कडप्प्याचा वरचा पापुद्रा विरघळतो आणि तो पांढरट, खरबरीत होतो. उघड्या उन्हातही कडप्प्याचा काळेपणा राखाडीकडे झुकतो. म्हणून सावलीतल्या चौकटीला, ओट्याच्या पायरीला, आतल्या मांडणीला कडप्पा ठीक. पश्चिमेच्या खिडकीच्या पाटाला आणि कठड्याच्या माथ्याला ग्रॅनाइट घ्यावा, तोही शक्यतो फिकट छटेचा. दगडाची पातळ फरशी भिंतीवर उंचावर नुसत्या सिमेंटने चिकटवू नये. ऊन-थंडीत सिमेंटची पकड सुटते आणि जड फरशी खाली येते. त्यासाठी दगडाचा खास चिकट मसाला आणि वरच्या ओळींना स्टेनलेस स्टीलचे आकडे लागतात.

लाकूड

लाकडाचे खरे शत्रू ऊन, ओल आणि वाळवी. उन्हातले अतिनील किरण लाकडातले तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि उरतात राखाडी, उभे राहिलेले तंतू. सागवान यात टिकते, कारण त्याच्या गाभ्यात वाळवीला आणि बुरशीला नकोसे असणारे नैसर्गिक तैलयुक्त घटक असतात आणि आकसण्या-फुगण्याचे प्रमाणही इतर लाकडांपेक्षा कमी असते. विदर्भाचे सागवान यासाठीच नावाजलेले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान बल्लारपूरहून गेले. पण हा गुण गाभ्याचा आहे. झाडाच्या सालीलगतचा पांढरट भाग सागाचा असूनही वाळवी खाते. लवकर तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. बाहेरची चौकट घेताना सागवान आहे का, एवढेच विचारू नये, फळीची चारही अंगे बघावीत.

लाकूड ओले लावले तर ते घरावर वाळते आणि वाळताना आकसते, सांधे उघडतात. चांगले वाळलेले घ्यावे आणि बसवण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर किंवा तेल द्यावे. भिंतीकडची पाठ आणि कापलेली टोके इथे रंग चुकतो, आणि लाकूड पाणी पिते ते टोकांतूनच. चौकटीचा पाय जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू नये, दगडाच्या तुकड्यावर टेकवावा. झालरीची फळी भिंतीला सरळ चिकटवण्यापेक्षा मागे पट्ट्या ठोकून अर्ध्या-पाऊण इंचाची हवा ठेवावी. कांदाचाळीत तळ जमिनीपासून उचलतात आणि बाजूंना फटी ठेवतात, कारण वारा खेळला की कांदा सडत नाही. लाकडाचेही तसेच.

प्लायवूड वापरायचे असेल तर साधे एमआर प्लाय बाहेर चालत नाही, त्याचा गोंद ओलीने सुटतो. उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेले बीडब्ल्यूपी हवे, आणि तरीही त्याच्या कडा झाकलेल्या हव्यात. एमडीएफला घराबाहेर जागाच नाही.

काँक्रीट

छज्जा काँक्रीटचा असला की सळई कुठे आहे हे निर्णायक ठरते. छज्जा भिंतीतून पुढे लटकतो, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच हवी. ओतकाम चालू असताना मजूर तिच्यावर पाय देतात आणि ती खाली दबते. असा छज्जा भिंतीलगत वरून तडकतो, मग त्या भेगेतून पाणी शिरते. सळईभोवती पुरेसे काँक्रीट नसले की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल तिच्यापर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून खालचे पापुद्रे आतून ढकलले जाऊन पडतात. ओतकामाच्या दिवशी घरमालकाने एक तास उभे राहून सळईखालचे ठोकळे बघितले, तर पुढे छज्ज्याची चिंता बरीच कमी होते. ओतल्यानंतर किमान दहा दिवस पाणी मारणे लोणंदच्या कोरड्या वाऱ्यात तर अजिबात चुकवू नये.

जुन्या मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीच्या कडा सिमेंटने दुरुस्त करू नयेत. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटचा कडक पट्टा ती आत कोंडतो आणि शेवटी स्वतःबरोबर भिंतीचा थरही घेऊन पडतो. तिथे चुनाच वापरावा.

पत्रा आणि धातू

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पत्रा घेताना जाडीबरोबर जस्ताचे वजन विचारावे. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला 120 ग्रॅम आणि 275 ग्रॅम यांत आयुष्याचा मोठा फरक पडतो. गॅल्व्हाल्यूमच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन असते, तो अधिक टिकतो. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर रंगातले तेल जस्ताशी संयोग पावून साबणासारखा थर बनतो आणि रंग सोलून निघतो. आधी त्यासाठीचा खास प्रायमर लागतो.

झालर, पन्हळ आणि कठड्याची टोपी यांना इथे रंगीत लेप दिलेला पत्रा किंवा ॲल्युमिनियम चांगले. इमारतीच्या जागेवर ग्राइंडरने कापू नये. ठिणग्यांनी लेप जळतो आणि गंज कडेपासून चढतो. वळवाच्या वाऱ्याला कडेचा पत्राच आधी सापडतो, म्हणून कडेला स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ घ्यावेत.

प्लास्टिक आणि थरांचे पत्रे

यूपीव्हीसी, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेले डब्ल्यूपीसी, दाबलेल्या कागदाचे एचपीएल हे प्रकार आता तालुक्याच्या गावीही मिळतात. यांना वाळवी लागत नाही आणि ओलीचे भय फार नसते. उन्हात मात्र त्यांची खरी पारख होते. पीव्हीसीला उन्हापासून वाचवायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. स्वस्त मालात ते कमी असते, म्हणून तो पिवळा पडतो, पांढरी भुकटी सोडतो आणि ठिसूळ होतो. आतल्या फर्निचरसाठीचे डब्ल्यूपीसी बाहेर लावू नये. वेष्टनावर बाहेरच्या वापराचा उल्लेख आणि लेखी हमी असेल तरच घ्यावे, आणि फिकट रंगात.

दुकानांच्या दर्शनी भागावर आणि आता घरांवरही एसीपी दिसते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये आतला गाभा असतो. तो साध्या पॉलिएथिलीनचा असेल तर पेट घेतो. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. ती भिंतीवरच्या अशाच आवरणातून वर चढली आणि 72 माणसे गेली. आपल्या दुमजली घरांची उंची तेवढी नसली, तरी एसीपीच्या मागे पाटीच्या दिव्यांच्या वायरी असतात आणि वर माणसे झोपतात. लावायचेच असेल तर अग्निरोधक गाभ्याचे घ्यावे, त्याच्या मागून वायर नेऊ नये आणि जिन्याजवळ तर ते टाळावेच.

पैसा कुठे घालावा

आता निवडीचा क्रम मांडता येतो. घराभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येक किनारीला तीन प्रश्न विचारावे. इथे ऊन कधी आणि किती? पाणी वरून येते की खालून उडते? आणि दहा वर्षांनी हे खराब झाले तर गावातला कोण दुरुस्त करील? पहिल्या दोन प्रश्नांनी माल ठरतो, तिसऱ्याने त्याची किंमत. पुण्याहून आणलेल्या पट्टीचा एक तुकडा फुटला आणि ती जात बंद झाली, तर सबंध बाजू बदलावी लागते. काळा दगड, ग्रॅनाइट, सागवान, पत्रा यांना घडवणारे हात लोणंदमध्ये आणि आसपास आहेत.

सर्वाधिक पैसा वरच्या कडेला घालावा, म्हणजे कठड्याचा माथा आणि छपराची झालर. तिथून शिरलेले पाणी खालचे सारे बिघडवते. त्यानंतर पश्चिमेच्या खिडक्या, मग जोत्याचा पट्टा. उत्तरेच्या आणि व्हरांड्यातल्या चौकटींना साधा माल पुरतो, हौसेची कोरीव पट्टी लावायची तीही तिथेच लावावी. तिला सावली मिळाली की ती नातवंडांपर्यंत पोचते. काम मृगाच्या आधी संपवावे. ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी येते, तोवर बाहेरचे सीलंट आणि रंग पक्के झालेले असावेत, कारण दोन्हींना वाळायला कोरडी भिंत लागते. मग दर वर्षी परतीच्या पावसानंतर एकदा शिडी लावून वरची कड बघावी, उघडलेली फट भरावी, सैल स्क्रू आवळावा. उतार, ड्रिप आणि वाढीची फट नीट ठेवून बसवलेली साधी पट्टी, या तिन्हींशिवाय बसवलेल्या महागड्या पट्टीपेक्षा जास्त वर्षे टिकते. म्हणून दुकानात जाण्याआधी मिस्त्रीबरोबर कागदावर किनारीचा आडवा छेद काढून घ्यावा. मालाची यादी त्या कागदावरून आपोआप निघते.